मोठी मुंगी

दहापैकी नऊ मुलं उठली. दहावं उठेना.

तीन वाजले की पाळणाघरातली झोप मोडायची मावशीची एक ठरलेली रीत होती. आधी पडदे सरकवायचे, मग एक टाळी वाजवायची आणि मग जाहीर करायचं, की कुणाच्या तरी उशीखाली हत्ती शिरलाय, ज्याला सापडेल त्यानं घरी न्यावा. झोपेनं चिकटलेले डोळे खाडकन उघडायचे, उशा उलट्यापालट्या व्हायच्या. हत्ती बावीस वर्षांत एकदाही सापडला नव्हता, पण एकाही मुलानं शोधायचं सोडलं नव्हतं. आजही नऊ उशा उलटल्या. खिडकीखालच्या गादीवरची उशी मात्र तशीच राहिली, कारण तिच्यावर बटणचं डोकं होतं.

बटण अडीच वर्षांचा. डोळे इतके काळे आणि गोल, की कुणाच्या कोटाचं बटण तुटलं तर त्याच्याकडे मागावं. पाळणाघरात आला त्याच दिवशी त्याला हे नाव पडलं आणि आठवड्याभरात त्याची आईसुद्धा त्याच नावानं हाक मारू लागली.

मावशी गुडघ्यावर बसली. "बटण, अरे राजा, हत्ती निघाला बघ."

बटणनं एक डोळा अर्धा उघडला. खोल विहिरीच्या तळातून वर बघावं तसं तिच्याकडे बघितलं आणि डोळा मिटून घेतला. मग त्याचं तोंड उघडलं आणि मावशीच्या मनगटावर गरम गरम उलटी झाली. जेवणानंतर एक झाली होती. ही दुसरी.

मावशीनं त्याला उचललं. मान तिच्या हातावर ओल्या टॉवेलासारखी कलंडली. खोलीत नऊ जण होते आणि मोठं माणूस घाबरलं की नऊच्या नऊ भोंगे एकदम वाजतात हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं हसऱ्या तोंडानंच, "बाई, जरा येता का," अशी गाण्यासारखी हाक मारली.

मोठ्या बाई पाळणाघराच्या मालकीणही होत्या आणि हिशेबनीस, फोनवाल्या, सगळ्याच होत्या. त्या आल्या, बटणच्या कपाळाला हात लावला आणि सुस्कारा सोडला. साथच आहे, म्हणाल्या. ते खरंही होतं. सोमवारपासून दोन मुलं उलट्यांनी घरी पडली होती. मावशीच्या जोडीला असणारी बाई काल तशीच आजारी पडली, म्हणून तर आज दहा मुलांमागे मावशी एकटी होती. मोठ्या बाईंनी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी न बघताच सांगितलं, की मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं द्या, झोपू द्या, गावभर हेच चाललंय. मग बाईंनी बटणच्या आईला कळवलं. ती कपडे शिवण्याच्या कारखान्यात होती, साडेचारपर्यंत पोचते म्हणाली. मग बाईंनी कपाट उघडून पांढरा कागद काढला.

कागदांचं असं होतं. लहान मुलं सांभाळणाऱ्या जागांवर देखरेख ठेवणारं एक कार्यालय होतं आणि त्याचे दोन कागद होते. पांढरा आजाराचा. एकाच आजाराची तीन मुलं झाली की पांढरा भरून पाठवायचा. तिकडून हात धुण्याबद्दलचं एक पत्रक यायचं, संपलं. पिवळा अपघाताचा. मूल दवाखान्यात न्यावं लागेल असं काही लागलं, तर त्याच दिवशी फोन आणि दुसऱ्या दिवशी पिवळा कागद. पिवळ्यामागून पत्रक येत नसे, माणसं येत. पांढऱ्याचा गठ्ठा निम्मा संपला होता. पिवळ्याच्या गठ्ठ्यावरचा दोरासुद्धा सुटला नव्हता.

"तिसरा," बाई म्हणाल्या आणि लिहायला बसल्या.

मावशी बटणच्या ओठांना चमचा लावत होती. पाणी आत जाई आणि तसंच गालावरून बाहेर येई. ती पुसे, पुन्हा चमचा भरी. आणि तेवढ्यात शेजारच्या गादीवरून रेडिओ उठून आली.

रेडिओ तीन वर्षं दोन महिन्यांची. सकाळी तिचे वडील तिला दारात सोडत तेव्हा जी सुरू होई ती संध्याकाळी न्यायला येत तेव्हाच बंद होई, तेही वडील म्हणत की बंद होत नाही, फक्त जागा बदलते. तिच्या घरी हत्ती होता. तिच्या आजोबांना बारा हात होते. तिनं काल चंद्र चाटला होता आणि तो गोड नव्हता. ज्या घरात रेडिओ दिवसभर चालू असतो त्या घरात तो कुणी ऐकत नाही, तसं तिचं झालं होतं.

रेडिओ बटणच्या डोक्याशी उकिडवी बसली. गाल फुगवले आणि त्याच्या उजव्या कानामागे हळूच फुंकर घातली. फू. पुन्हा फू. मग मावशीकडे बघून, सकाळी सांगितलेलं मोठ्यांना पुन्हा सांगावं लागतं म्हणून वैतागल्यासारखी ती म्हणाली, "मोठी मुंगी मेली."

मावशीच्या हातातला चमचा वाटीत पडला.

आता या मुंगीचं सांगितलं पाहिजे. मूल पडलं की आपण काय म्हणतो? रडं फुटायच्या आत जमिनीकडे बोट दाखवतो: काही नाही झालं, मुंगी मेली, बघ! मूल मुंगी शोधायला लागतं आणि रडायचं विसरतं. घरोघरी हे एवढ्यावर भागतं. मावशीनं मात्र त्याचा संसार मांडला होता. तिची मेलेली मुंगी कधी मुंग्यांच्या राणीची नणंद असायची, लग्नाला निघालेली. कधी तिला मागे सतरा लेकरं असायची आणि त्या सतरांची नावं एका दमात सांगेपर्यंत गुडघ्याचं रक्त वाळून जायचं. बावीस वर्षांत तिनं जेवढ्या मुंग्या मारल्या तेवढ्या खरंच मेल्या असत्या, तर त्या भागात साखरेचे डबे उघडे ठेवता आले असते. मुलं तिला मुंगीमावशी म्हणत. मोठी होऊन मिशा फुटलेले बाप्येसुद्धा रस्त्यात भेटले की तिला विचारीत, "मावशी, आज किती?"

एवढंच नाही. पाळणाघरात लागल्याची एक वही असते: वेळ, काय झालं, कुणी पाहिलं. दिवसातून दहादा 'खेळताना पडला, खरचटले' लिहून बोटं दुखायची, म्हणून मावशी नुसतं 'मुं.' लिहू लागली. सोमवार, मुं. ४. मंगळवार, मुं. ६. एकदा कार्यालयाच्या तपासनिसांनी विचारलं हे मुं. काय, ती म्हणाली मुंगी, आणि त्यांनी मान डोलावून काहीतरी टिपून घेतलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं, की आपल्याकडे मुंग्या चावण्याचे प्रमाण चिंताजनक आहे, आणि पाठोपाठ तोंडाला फडकी बांधलेली दोन माणसं औषधाचा पंप घेऊन दारात उभी. ती गोष्ट मावशी रंगवून रंगवून सांगे. ऐकणारे पोट धरून हसत.

आणि आज सकाळी. मावशीला आता ती सकाळ जशीच्या तशी दिसली. मुलं अंगणात होती. एकाच्या पोटानं दगा दिला म्हणून ती त्याला अंगणाच्या टोकाला नळावर धूत होती, अंगणाकडे पाठ करून. शेजारच्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा वाजत होती. रेडिओ येऊन तिचा पदर ओढू लागली.

"मावशी, मुंगी मेली."

"मरू दे."

"मोठी मुंगी मेली. आवाज आला."

तेव्हा मावशी हसली होती. हात साबणाचे, समोर चड्डी नसलेलं पोर थंड पाण्यानं नाचतंय, आणि तरी तिला गंमत सुचली होती. "मोठ्या मुंगीचा मोठाच आवाज येणार," ती म्हणाली होती. "जा, तिला म्हणावं, दुपारी ये."

नंतर ती वळली तेव्हा बटण घसरगुंडीच्या शिडीखाली बसला होता. रडत नव्हता. किती गुणाचं पोर, असंसुद्धा तिच्या मनात आलं होतं.

तिनं आता बटणच्या कानामागे बोटं नेली. केसांखाली काहीतरी मऊ होतं, पिकल्या फळासारखं दबणारं. तिनं बोटं झटकन मागे घेतली.

"बाई," ती म्हणाली, आणि या खेपेला गाण्यासारखं काही नव्हतं. "गाडी काढा."

स्वयंपाकाच्या काकूंना मुलांपाशी बसवून दोघी निघाल्या. बाई गाडी चालवत होत्या, मावशी मागे बटणला मांडीवर घेऊन. काय झालं ते तिनं चार वाक्यांत सांगितलं. प्रत्येक सिग्नलला ती बटणच्या नाकाखाली बोट धरी. श्वास लागे. मग वाटे, हा आत्ताचा की मघाचाच बोटाला चिकटून राहिलाय, आणि ती पुन्हा बोट धरी.

बाईंनी दोन सिग्नल ओलांडले. मग आरशातून मावशीकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही पाहिलंत का पडताना?"

"नाही."

"मी पाहिलं नाही. मग आपल्याला काय माहीत? टेंगूळ काल घरी आलं असेल."

मावशीनं पुन्हा बटणच्या नाकाखाली बोट धरलं.

"त्या पोरीच्या सांगण्यावर बोलणार तुम्ही? तिच्या घरी हत्ती आहे, मावशी."

ते वर्मी बसलं, कारण तो हत्ती मावशीच्याच उशांखालून गेला होता. बाई पुढे बोलत राहिल्या, रागानं नाही, थकल्यासारख्या. साथ आहे हे खोटं नाही. डॉक्टर काय ते बघतीलच. पण पडला म्हटलं की पहिला प्रश्न येणार, तुम्ही कुठे होतात. दुसरा येणार, दहा मुलांना एकच बाई कशी. पाळणाघराला कुलूप. बारा आया उद्या कामावर कशा जाणार? आणि तुमच्या वयाला, मावशी, कोण ठेवून घेणार आहे? त्या दुष्ट नव्हत्या. मावशी आजारी पडली तेव्हा याच बाई महिनाभर तिच्या घरी डबा पोचवत होत्या. त्या फक्त घाबरल्या होत्या, आणि मावशीही घाबरली होती, आणि दोन घाबरलेली माणसं एका गाडीत असली की खोटंसुद्धा समजूतदारपणासारखं वाटू लागतं.

मावशीला ते तसं वाटलंही. हे इथं लपवण्यात अर्थ नाही. एका सिग्नलपासून पुढचा सिग्नल येईपर्यंत तिनं मनाशी घोकलं: मला माहीत नाही. मी पाहिलं नाही. दोन्ही वाक्यं खरी होती. बावीस वर्षं तिनं फक्त खोट्या गोष्टी सांगितल्या आणि कुणाचं केसभर वाकडं झालं नाही. आता पहिल्यांदाच नुसतं खरं बोलून एक पोर हातचं जाणार होतं.

रुग्णालयाच्या दारातच एक टेबल होतं आणि टेबलामागे एक वयस्क सिस्टर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज वाळूसारखा. येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच प्रश्न विचारी आणि हातातल्या पेन्सिलीनं डावीकडे किंवा उजवीकडे पाठवी. डावीकडे बाकांवर आयांच्या मांडीवर उलट्यांची मुलं होती, रांगेनं, हातात नंबरांच्या चिठ्ठ्या. उजवीकडे एक दार होतं, बंद.

"काय होतंय?"

"उलट्या," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे साथ आहे. हा तिसरा."

सिस्टरनं मान वरसुद्धा केली नाही. चौदा नंबरची चिठ्ठी फाडली. पेन्सिल डावीकडे वळली.

डावीकडच्या भिंतीवर पाटी होती: आठ. म्हणजे अजून सहा जण. बाई बाकाकडे निघाल्या. मावशीचे पाय टेबलापाशीच राहिले.

"पडलाय तो."

बाई थांबल्या. सिस्टरनं चष्म्यावरून बघितलं.

"कशावरून?"

"घसरगुंडीवरून. शिडीवरून असेल, वरून. माझ्या डोक्याएवढी उंच आहे. साडेदहाला. शाळेची घंटा झाली तेव्हा."

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही. माझी पाठ होती."

"मग कुणी पाहिलं?"

"आमच्याकडे एक मुलगी आहे. तीन वर्षांची."

मागच्या रांगेतला एक माणूस फिसकन हसला. सिस्टरची पेन्सिल चिठ्ठीवर तशीच. "काय म्हणाली ती?"

मावशीला वाटलं, आता हे बोललं की आपल्याला वेड्यात काढणार आणि पोर डाव्या बाकावर जाणार. पण दुसरे शब्द नव्हते. रंगवायला, फुलवायला, सतरा लेकरं जोडायला तिची जीभ बावीस वर्षं सरावलेली. आज तिनं एक अक्षर जोडलं नाही.

"मुंगी मेली म्हणाली."

सिस्टरनं पेन्सिल खाली ठेवली.

तिलाही कधीतरी कुणीतरी जमिनीकडे बोट दाखवलं असणार. तिनंही कुणाला तरी दाखवलं असणार. "नुसती मेली म्हणाली?" तिनं विचारलं, आणि आवाजातली वाळू गेली होती.

"मोठी म्हणाली. आवाज आला म्हणाली."

सिस्टर उठली होती. बटणला तिनं मावशीच्या हातातून घेतलं, मान आपल्या तळव्यात धरून, पापणी अंगठ्यानं वर करून. उजव्या डोळ्यातली बाहुली मोठी होती, डाव्या डोळ्यातली लहान. सिस्टरनं उजवीकडचं दार पायानं ढकललं आणि आतल्या कुणाला तरी सांगितलं, "डोकं. पाच तास झालेत."

दार मिटलं. मावशीच्या हातांत बटणच्या अंगाची ऊब राहिली होती. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना.

बटणची आई आली तेव्हा तिच्या बाहीला निळे धागे चिकटलेले होते. बाईंनी पुन्हा फोन केल्यावर कारखान्यातून तशीच पळत आली होती. ती उलट्यांच्या बाकांकडे बघत होती, एकेका मुलाच्या तोंडाकडे, आपलं दिसेना म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मावशी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. काय सांगायचं ते तिनं आई येईपर्यंत जुळवलं होतं, ते सगळं विस्कटलं. जे झालं ते जसं झालं तसं सांगितलं. मूल पडलं. मी वळून पाहिलं नाही. मला सांगितलं होतं, मी चेष्टा केली.

आईनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्ही कुठे होतात?"

"नळावर."

"किती लांब?"

मावशीनं समोरच्या खांबाकडे बघितलं. "त्या खांबाएवढं."

आई त्या खांबाकडे बघत राहिली. मग बाकावर बसली. आतून कुणीतरी बटणचे बूट आणून दिले होते, ते तिनं मांडीवर घेतले आणि एका बुटाची नाडी सोडायची, बांधायची, सोडायची, असं सुरू केलं. मावशी शेजारी बसली नाही. समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिली. आतून पावलं आली की दोघींची मान एकदम वळे, आणि पावलं दुसऱ्याच कुणाची असत.

तरुण डॉक्टर बाहेर आला. कवटीच्या आत रक्त साचलंय, म्हणाला, आत्ताच काढावं लागेल. सही कुठे करायची ते दाखवलं. जाता जाता वळून म्हणाला, की वेळ आणि उंची कळली ते बरं झालं, नाहीतर आम्ही साथच समजलो असतो. कुणाला उद्देशून म्हणाला ते कळलं नाही. आईनं मान वर केली नाही.

कार्यालय साडेपाचला बंद होई. पाचला मावशी मोठ्या बाईंपाशी गेली. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, पर्स छातीशी धरून, एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या.

"पिवळ्याचा फोन करायचाय," मावशी म्हणाली.

"झोपेत गादीवरून घसरला असं—"

"गादी चार बोटं उंच आहे, बाई."

बाईंना हसू आलं की हुंदका, त्यांनाच कळलं नाही. त्यांनी फोन मावशीच्या हातात दिला.

तिकडे जो कारकून होता त्याला घरी जायची घाई होती. तो छापील प्रश्न एकामागून एक विचारत गेला आणि मावशी उत्तरं देत गेली. ठिकाण. वेळ. वय. हजर मुलं किती? दहा. सांभाळणाऱ्या? एक. तिथं तो थोडा थांबला, मग लिहिल्याचा आवाज आला. घटना प्रथम कुणी कळवली?

"मुलीनं. तीन वर्षांच्या."

"कुणाला?"

"मला."

"केव्हा?"

"लगेच. साडेदहाला."

"आणि तुम्ही दवाखान्यात केव्हा नेलंत?"

"साडेतीनला."

मग तो जरा हळू म्हणाला, "तिनं नेमकं काय सांगितलं? शब्द लिहावे लागतात."

मावशीनं सांगितलं.

"हे असं लिहिता येणार नाही हो. मूल पडल्याचे सांगितले, असं लिहितो."

"नका लिहू," मावशी म्हणाली. "पडल्याचे सांगितले असतं तर मी वळले असते. तिनं सांगितलं तेच लिहा. तिच्याकडे तेवढेच शब्द होते, आणि ते मीच दिलेले."

त्यानं लिहिलं. खात्री करायला तिनं त्याला वाचून दाखवायला लावलं.

बटण वाचला. बाराव्या दिवशी घरी गेला, अर्ध्या डोक्यावरचे केस काढलेले, कानामागून वर वळत गेलेली टाक्यांची ओळ. हे मावशीला सिस्टरकडून कळलं. ती रोज संध्याकाळी रुग्णालयाच्या दारातल्या त्या टेबलापर्यंत जाई, विचारी आणि तिथूनच परत फिरे. आत जायला तिला कुणी मना केलं नव्हतं. बोलावलंही नव्हतं.

पिवळ्या कागदामागून माणसं आली. त्यांनी फूटपट्टीनं घसरगुंडी मोजली, नळापासून शिडीपर्यंत पावलं मोजली, बावीस वर्षांच्या वह्या पोत्यात भरून नेल्या. रेडिओलाही एका बाईनं मांडीवर घेऊन विचारलं. रेडिओनं तिला बारा हातांच्या आजोबांपासून सुरुवात करून सगळं सांगितलं आणि शेवटी मुंगीपाशी आल्यावर एकाएकी गप्प झाली. पाळणाघर सात आठवडे बंद राहिलं. उघडलं तेव्हा दहा मुलांमागे दोन बायका हव्यात, एक आजारी पडली तर त्या दिवशी दार उघडायचं नाही, असा हुकूम भिंतीवर लागला होता. मावशीला लेखी ताकीद मिळाली. ती तिनं घडी करून लागल्याच्या नव्या वहीत, पहिल्या पानात ठेवली. वही उघडली की आधी ती हाताला लागे.

बारांपैकी आठ मुलं परत आली. दारापाशी मुलांच्या पिशव्या अडकवायच्या खुंट्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर ज्याचं त्याचं चित्र. एका खुंटीवर काळं, गोल बटण होतं. मोठ्या बाईंनी ते काढायला दोनदा खुर्ची नेली आणि दोन्हीदा तशीच परत आणून ठेवली.

पहिल्याच आठवड्यात रेडिओ पडली. अंगणात, सपाट जमिनीवर, स्वतःच्याच पायात पाय अडकून. फार काही नाही, तळहात खरचटला. मावशी नळावर नव्हती, चार पावलांवर होती आणि बघत होती. तरी ती चार पावलं ती धावत गेली.

रेडिओ रडली नाही. ओठ काढून, श्वास कोंडून ती जमिनीकडे बघत बसली होती. वाट बघत होती. राणीची नणंद कुठे निघाली होती, किती लेकरं मागे राहिली, आता सांगतील म्हणून.

मावशी तिच्यासमोर उकिडवी बसली. सगळी गोष्ट जिभेवर येऊन थांबली होती.

"कुठं लागलं? दाखव."

रेडिओनं हात पुढे केला नाही. "मुंगी?"

"मुंगीला काही झालं नाही," मावशी म्हणाली. "तू कुठे पडलीस, कशी पडलीस, ते सांग. मी ऐकते."

रेडिओनं तिच्याकडे संशयानं बघितलं. मोठ्या माणसाकडून तिनं ही मागणी पहिल्यांदाच ऐकली होती. मग ती सांगू लागली: आधी उजवा पाय आला, मग डावा आला, मग जमीन आली. दोनदा सांगितलं. मावशीनं दोन्हीदा ऐकलं, हात धुतला, डोकं केसांतून चाचपून पाहिलं, कानामागे दोनदा, डोळ्यांतल्या दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का बघितलं. मग पायरीवर बसून तिनं वही उघडली आणि नखाएवढ्या खरचटण्याबद्दल सात ओळी लिहिल्या.

ती लिहीत होती तोवर रेडिओ पडल्या जागी पालथी झोपून जमीन शोधत होती. बऱ्याच वेळानं तिला एक सापडली. ती मातीचा कण डोक्यावर घेऊन भिंतीकडे चालली होती.

"मावशी, ही जिवंत आहे."

"हो ना," मावशी म्हणाली, मान वर न करता. "जाऊ दे तिला."